पाच दिवसांसाठी डायरेक्ट

गेल्या गणपतीत मी खालच्या मजल्यावरच्या घरात एक काम केलं आणि जानेवारीपर्यंत ते तसंच सोडलं. लोक त्याला चूक म्हणतील. पण चूक माणसाच्या हातून नकळत होते, आणि मला सगळं कळत होतं. म्हणून हे लिहून ठेवतोय.

मी रबाळ्याच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. आयटीआय करून लागलो, त्याला पंचवीसच्या वर वर्षं झाली. राहायला घणसोलीत, सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर. आमच्या बरोबर खाली साताऱ्याकडचं एक वयस्कर जोडपं राहतं. काकांनी उभं आयुष्य कांदा-बटाट्याच्या मार्केटात गोणी उचलल्या, आता गुडघे गेलेत. मुलगा आणि सून पुण्याला असतात. सोसायटीत कुणाचा पंखा अडला की लोक आधी माझं दार वाजवतात. काका मला चेष्टेने इंजिनिअरसाहेब म्हणायचे आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

गणेशचतुर्थीला त्यांच्याकडे मूर्ती बसली, घर पाहुण्यांनी भरलं आणि लाईट जायला लागली. बोर्डात ईएलसीबी असतो, कुठे विजेची गळती झाली की लाईन तोडणारा स्विच. तो सारखा पडत होता. मी वर केला की थोडा वेळ राहायचा, परत पडायचा. मला मखराच्या लाईटच्या माळांचा संशय आला. त्या काढल्या, तरी पडला. आता एकेक लाईन सुटी करून गळती शोधायला हवी होती. तासाभराचं काम. पण खोलीत वीस माणसं आरतीसाठी ताटकळली होती आणि काका टाळ घेऊन माझ्या पाठीशी उभे होते.

"इंजिनिअरसाहेब, बाप्पा अंधारात बसल्यात," ते हळूच म्हणाले. "पहिल्याच दिवशी. बरं दिसतं का ते?"

घरात गणपती असताना अंधार झालेला आम्हाला चालत नाही. मलाही चालत नाही. मी मेन बंद केला, ईएलसीबीच्या वायरी काढल्या, एकमेकींना जोडून वर टेप गुंडाळली. आम्ही याला डायरेक्ट करणं म्हणतो. स्विच जागेवर दिसत होता, पण त्याच्यातून आता काहीच जात नव्हतं. काकूंना म्हटलं, पाच दिवस असंच चालू द्या, विसर्जन झालं की येऊन नीट करतो. आरती झाली. मला पहिला मोदक मिळाला.

कारखान्यात असं संरक्षण काढलं की तिथे लाल चिठ्ठी लावावी लागते: कुणी काढलं, का काढलं, परत कधी बसवणार. खाली साहेबाची सही. त्या चिठ्ठ्या मी बाकीच्यांना शिकवतो. काकूंच्या बोर्डावर मी साधा कागदही चिकटवला नाही.

विसर्जन झालं, मी गेलो नाही. पहिले दोन आठवडे शिफ्टचं कारण होतं. मग काका भेटेल त्याला सांगायला लागले की साहेबांचा हात लागला आन् एकदा बी लाईट गेली नाही. त्यानंतर जायचं अवघड झालं. स्विच परत जोडला असता तर तो परत पडला असता, आणि चांगलं चाललेलं मीच बिघडवलं असं झालं असतं. मी कौतुक ऐकून घेत राहिलो.

भीती मात्र रोज होती. गळती कुठे आहे ते माहीत नव्हतं, आणि ओल्या अंगाला झटका बसला तर लाईन तोडणारं आता काही नव्हतं. काकू सकाळी पावणेसहाला आंघोळीला जातात. त्यांच्या बाथरूमचा आवाज डक्टमधून आमच्या स्वयंपाकघरात येतो. मी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभा राहायचो. बादली भरायची, तांब्याचा आवाज यायचा, मग तो थांबायचा. तो थांबल्यापासून कडी काढल्याचा आवाज येईपर्यंत कप तसाच हातात राहायचा. बायकोने एकदा विचारलं, रोज इथे काय उभे राहता? मी पोटात गॅस झालाय म्हणालो. पंधरा पायऱ्या उतरून खाली जाणं मला जमत नव्हतं.

जानेवारीत एका रविवारी काकू जिन्यात भाजीची पिशवी ठेवून दम खात बसल्या होत्या. मला बघून हसत म्हणाल्या, "भाऊ, आमच्या नळाला हात लावला की मुंग्या येतात हो. मी आपली रबरी चप्पल घालूनच आंघोळ करते. ह्यांना म्हटलं, तुम्ही पण घ्या फुकटचे झटके, गुडघ्याला बरे." मग पुढच्या आठवड्यात सहा वर्षांची नात येणार म्हणून काय काय आणलंय ते सांगायला लागल्या.

मी त्यांचं पुढचं ऐकलं नाही. त्यांच्या घरात शिरलो आणि आधी मेन पाडला. बाथरूममधला गिझर उघडला. कॉइल तडकली होती, वीज पाण्यात उतरत होती, आणि गळती जमिनीत नेणारी प्लगमधली अर्थिंगची वायर जळून सुटली होती. गणपतीत पाहुण्यांच्या आंघोळींसाठी हा गिझर दिवसभर चालू होता. तेव्हा अर्थिंग शाबूत होती, म्हणून स्विच पडत होता. तो बरोबर होता.

मी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. काका गुडघ्यावरून हात फिरवत राहिले. काकूंना समजायला थोडा वेळ लागला.

"म्हणजे तो स्विच ओरडत होता आणि तुम्ही त्याचं तोंड बांधलंत," त्या म्हणाल्या. "तेव्हाच सांगायचं की. समईवर केली असती आरती. गावाला कुठं होती लाईट?"

मग काका बोलले. यावेळी मला साहेब म्हणाले नाहीत.

"आजून कुणाकडं केलंय आसं?"

नाही म्हणणार होतो, पण एकेक करून सांगितलं. चौथ्या मजल्यावर एका साखरपुड्याच्या दिवशी केलं होतं. पलीकडच्या विंगमध्ये एका घरी बारावीची परीक्षा होती म्हणून. तिथे आता दुसरे भाडेकरू आलेत. आणखी एक घर होतं. कुठलं, ते आठवेना.

काकूंनी पिशवी बाजूला ठेवली आणि चप्पल घातली. म्हणाल्या, चला, मी येते, एकटे गेलात तर परत उद्या म्हणाल. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्या दोनदा थांबल्या. दार उघडल्यावर त्याच म्हणाल्या, "आधी ह्यांचं ऐकून घ्या."

त्या दिवशी काकांकडचा आणि त्या दोन्ही घरांतले स्विच परत जोडले. नवा गिझर मी काकांकडे दोन दिवसांत बसवला. त्यानंतर तिथला स्विच एकदाही पडलेला नाही. तिसरं घर अजून आठवलेलं नाही. दर रविवारी सोसायटीतली चार-पाच दारं वाजवतो, मी काय केलं होतं ते सांगतो आणि बोर्ड उघडून बघतो. काहीजण दारातूनच परत पाठवतात. अजून अठरा घरं राहिलीत.