पंचवीस बैठका आणि एक स्थळ

मी आजवर व्यायाम सतरा वेळा सुरू केला आहे. त्यावरून माझ्या चिकाटीची कल्पना यावी.

त्यातल्या सोळा वेळा तो बंद पडायला एकच कारण झालं: पाहुणे. जळोचीच्या रस्त्याला माझं खता-बियाण्यांचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागंच घर. बारामतीत कुणाचं दवाखान्यात काम निघो, मार्केट यार्डात निघो नाहीतर कॉलेजात, एसटीतून उतरलेला माणूस "आधी विलासकडं च्या घिऊ" म्हणत थेट आमच्या दारात! कालव्याच्या कडेनं फिरायला लागलो, तर चौथ्या दिवशी आत्या मोतीबिंदू काढायला मुक्कामी. योगासनांसाठी चटई आणली, तर तिच्यावर आत्याबरोबर आलेले दोघं झोपले. पाहुणे गेल्यावर व्यायाम पुन्हा सुरू करावा, हे मलाही कळतं. पण पाहुणा जातो आठ दिवसांनी, आणि तोवर माझा आळस मुक्कामाला आलेला असतो. तो काही जात नाही.

सतराव्यांदा सुरू करायचं कारण मात्र वेगळं होतं. सांगवीला चुलतभावाच्या नव्या घराची वास्तुशांती होती. पंगत जमिनीवर. मी मांडी घालून बसलो, पुरणपोळीला न्याय दिला, आणि सगळे उठले तसा उठायला गेलो. उठलोच नाही! गुडघे म्हणाले, तू हो पुढं. मग अजून काहीतरी वाढायला येतंय अशा चेहऱ्यानं मी पत्रावळीकडे बघत बसून राहिलो. वाढणाऱ्याला ते खरं वाटलं आणि त्यानं आणखी एक पोळी टाकली. ती संपवल्यावर तर आशाच मावळली.

"आरं, धरा रं ह्या तात्यांस्नी!" कोणीतरी ओरडलं आणि तिघांनी मला उभं केलं.

मी एकोणपन्नास वर्षांचा आहे. त्या दुपारपर्यंत मला कुणी तात्या म्हटलं नव्हतं.

घरी येऊन मी हा किस्सा रंगवून सांगितला. माझी बायको सुनंदा पोट धरधरून हसली. आमची ऋतुजा हसली नाही. ती फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळं माणसाच्या गुडघ्यावर विनोद केलेला तिला चालत नाही.

"पप्पा," ती म्हणाली, "आजोबांना शेवटची दोन वर्षं आपण दोघं मिळून उचलायचो. माझं शिक्षण झालं की मी इथं असेनच असं नाही. तुम्हाला आई एकटी कशी उचलणार?"

माझे वडील खताचं पोतं एका दमात खांद्यावर घेणारे. पुढं त्यांना खुर्चीतून उठायला माझा हात लागायला लागला, मग आमचे दोघांचे हात. उठवताना ते माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघायचे. ते बघणं आठवलं आणि मी खरंच घाबरलो.

"नव्वद दिवस," ऋतुजानं जाहीर केलं. "मशीन नको, डंबेल नको. आपलं आपण वजन उचलायचं."

"ते काय कमी आहे?" सुनंदा स्वयंपाकघरातून.

"जोर आणि बैठका. थोड्या करा, पण रोज करा. खाडा पडला की पुन्हा एकपासून मोजायचं. पाहुणे आले तरी!"

पहिल्या दिवशी मी भिंतीला हात टेकून पाच जोर काढले. (भिंतीपासून दोन हात लांब उभं राहून भिंत ढकलायची. "हलली का?" असं सुनंदानं विचारलंच.) बैठकांसाठी मागं खुर्ची ठेवली होती, बूड टेकलं की उठायचं. पहिले आठ दिवस बूड टेकायचं आणि तिथंच रमायचं. पण ऋतुजा रोज सकाळी सहाला चहाचा कप घेऊन समोर बसायची आणि तिऱ्हाईतासारखी मोजायची. पंधराव्या दिवशी पायऱ्या उतरताना मी कठडा धरला नाही. तिसाव्या दिवशी खुर्ची बाजूला झाली. खरं सांगतो, एकाही दिवशी मला उत्साह नव्हता. व्यायामानं उत्साह येतो म्हणणाऱ्या माणसाला एकदा माझ्यासमोर आणून बसवा. मी रोज कुरकुरत उठलो, कुरकुरत केलं आणि कुरकुरत अंघोळीला गेलो. पण खाडा नाही. चाळिसाव्या दिवशी माझ्या पंचवीस बैठका झाल्या!

आणि नेमक्या त्याच सकाळी बापूमामांचा फोन आला.

बापूमामा म्हणजे माझे थोरले मामा, राहणार इंदापूरजवळ, वय पंच्याहत्तर. ते फोन करतात पहाटे उठून, शेळ्यांचं उरकून, सहाच्या सुमाराला. फोन सुनंदानं घेतला.

"मामा, ते बैठकीत आहेत हो. रोज सकाळी बैठका चालल्यात ना आमच्याकडं."

आता आमच्या भागात घरात तेवीस वर्षांची लेक असली, की बैठक म्हणजे एकच. दोन्हीकडची माणसं सतरंजीवर बसून लग्न ठरवतात, ती! पण हे आम्हां तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी धापा टाकत फोन घेतला.

"का रं विलास, दम का लागलाय?"

"बैठका मामा. आत्ताच पंचविसावी झाली."

"पंचवीस? आन् कुटंच जमंना?"

"पहिल्या वीस जमतात हो. शेवटच्या पाचाला गाडं अडतं."

"शेवटालाच अडतंय बाबा. तितंच संबाळायचं आस्तं."

"खाली बसलं की पुन्हा उठवत नाही."

"तसं अर्ध्यात उठूबी ने. लोक नावं ठिवत्यात. तू काळजी करू नगंस. मी हाय अजून."

पंच्याहत्तरीच्या माणसाला माझ्या गुडघ्यांची एवढी काळजी! मला भरून आलं. मी सुनंदाला म्हणालोसुद्धा, रक्ताचं नातं ते रक्ताचं.

त्यानंतर चमत्कारिक गोष्टी घडायला लागल्या. आत्यानं फोन करून ऋतुजाला सोळा सोमवार धरायला सांगितलं. मला वाटलं, परीक्षेसाठी. दुकानात युरिया न्यायला आलेले नात्यातले एक गृहस्थ गिऱ्हाईक कमी व्हायची वाट बघत थांबले आणि माझा हात हातात घेऊन हळूच म्हणाले,

"विलासराव, बैठकांचं कानावर आलं. लई तरास हुतोय म्हनं."

"होतो. पण सोडायचं नाही असं ठरवलंय," मी छाती काढून म्हणालो.

"आन् पोरीच्या मनावर परिणाम हुत न्हाय?"

"छे! तीच तर समोर बसून मोजते."

गृहस्थ युरिया न घेताच गेले.

सदुसष्टावा दिवस रविवार होता. सकाळी सहा वाजता मी हॉलच्या मधोमध, अंगात बनियन, खाली शेजारच्या मुलाण्याच्या म्हशीनंही दुसरीकडे तोंड फिरवावं अशी अर्धी चड्डी. ऋतुजा चहा पीत मोजत होती. "दहा... अकरा... पप्पा, टाच उचलू नका... बारा..." आणि दाराची कडी वाजली. सुनंदानं दार उघडलं. बाहेर बापूमामा, डोक्याला नवा फेटा, आणि त्यांच्या मागं जीपमधून उतरलेली सात माणसं!

मी बाराव्या बैठकीत तळाला होतो. तसाच राहिलो.

"बगा, मी म्हनलं न्हवतं?" मामा विजयी मुद्रेनं मागं वळून म्हणाले. "आपलाच पयला नंबर! ह्यांच्याकडं रोज सकाळी सहालाच बैठक आस्तीया. दुसरं कोण यायच्या आत आलो. चारला निघालोय!"

मग त्यांची नजर रिकाम्या हॉलवरून फिरत माझ्या चड्डीवर आली.

"बैठक कुटं हाय?"

"ही काय, करतोय की," मी खालूनच म्हणालो.

मला वर यायलाच दोन मिनिटं लागली. ऋतुजाला सगळा उलगडा सगळ्यांत आधी झाला; तिच्या नाकातून चहा आला आणि ती आत पळाली. मग सुनंदाला झाला. मग मला. मामांना सर्वांत शेवटी झाला, आणि तो त्यांनी मानला नाही.

"पंचवीस ठिकानी नकार आलाय म्हून मी निम्म्या तालुक्याला सांगितलंय!" ते कपाळावर हात मारून म्हणाले. "आता त्येंला काय सांगू? भाचा उठाबशा काढत हुता म्हून?"

पण दारात आलेल्या पाहुण्याला परत कोण पाठवतं? सतरंजी अंथरली. सुनंदा चहा-पोह्यांच्या मागं लागली, आणि मी पँट चढवून येऊन बसलो. अठराव्यांदा व्यायाम सुरू करायची मनातल्या मनात तयारीही केली. सोळा वेळा असंच झालं होतं: पाहुणे येतात, आपण पँट घालतो, संपलं. सदुसष्ट दिवसांचं वाईट वाटलं. खूपच वाटलं.

मामांनी स्थळ म्हणून आणलेल्या मुलाचे वडील हणमंतआबा एकेकाळचे नावाजलेले पैलवान. कान चुरगळलेले, मिशी शाबूत, वजन शंभराच्या वर. मुलगा काय करतो, बाग किती, हे मामा उत्साहानं सांगत होते (मुलगा खाली मान घालून मोबाइल बघत होता), पण आबांचं लक्ष भलतीकडंच होतं.

"पावनं," ते मला म्हणाले, "मगाशी करत हुता, ती बैठक न्हवं."

"मग काय होतं?"

"बसताना खुर्ची मोडकी हाय हे कळल्यावर मानूस उटतो, तसलं कायतरी हुतं. बैठकीला टाच उचलायचीच आस्ती. तोऱ्यानं चवड्यावर जायाचं!"

आतून ऋतुजा बाहेर आली. दाखवायला आणलेल्या मुलीनं पोह्यांचा ट्रे घेऊन यावं अशी रीत आहे. ही मोकळ्या हातांनी आली.

"पन्नाशीच्या माणसानं टाच टेकवूनच करायची, आबा. नाहीतर सगळा भार गुडघ्यावर येतो."

"आमच्या तालमीत पाचशे काढायचो, पोरी!"

"आता किती काढता?"

मामांनी डोळे मिटले. आबा उठले, धोतराचा काचा मारला, आणि दोन्ही हात पुढं घेऊन झोकात खाली गेले. टाचा उचललेल्या, पाठ ताठ. काय सुरेख गेले म्हणून सांगू! मी मनातल्या मनात शरमलो.

पण ते वर येईनात.

आधी वाटलं, दाखवतायत. मग त्यांची मिशी थरथरायला लागली. एक हात जमिनीवर टेकला. मुलगा उठला, पण बापाला सगळ्यांदेखत हात लावावा की नाही हे त्याला कळेना. मामा "आरं धरा, धरा" करायला लागले. आणि आबांनी मान फिरवून भिंतीकडं बघितलं.

ते बघणं मला ओळखीचं होतं. मी त्यांच्याशेजारी जाऊन खाली बसलो, त्यांच्या काखेत खांदा घातला आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणालो, "आबा, टाच टेकवा. आता माझ्याबरोबर या."

आम्ही दोघं वर आलो. कसे आलो ते माझे गुडघे जाणोत, पण आलो. वडिलांनंतर पहिल्यांदा मी कुणाला तरी उठवलं होतं, आणि मी रडायच्या बेतात होतो.

"तेरा," ऋतुजा सवयीनं म्हणाली.

तेरा म्हटल्यावर थांबायचं कसं? पाहुण्यांची क्षमा मागून मी रोजच्या तिसातल्या उरलेल्या सतरा तिथंच, पँटीत, सतरंजीच्या कडेला काढल्या. पोहे थंड झाले, पण खाडा पडला नाही. सातच्या सात माणसं मोजत होती.

लग्न काही जमलं नाही. ऋतुजाला इतक्यात करायचं नव्हतं, आणि मुलगा तर जीपमध्ये बसताना "तुमचे उपकार झाले" म्हणून गेला. पण आबा जाताना मला बाजूला घेऊन, मिशीवरून हात फिरवत विचारते झाले, "रोज किती वाजता आस्तंय तुमचं?"

दुसऱ्या दिवशी सहाला त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मागं खुर्ची, टाचा टेकलेल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा. नव्वद दिवस झाले, मी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि एक्याण्णवाव्या दिवशी सहाला फोन वाजला! आता दोनशेच्या वर गेलोय. ताप आला म्हटलं, तर आबा म्हणतात, "तापात धा काडा." गावाला चाललोय म्हटलं, तर एसटी स्टँडवरची मोकळी जागा सुचवतात. ज्या पाहुण्यांच्या जिवावर मी सोळा वेळा सुटलो, तेच आता रोज उरावर! मी थकलो आहे.

बापूमामांनी मात्र निम्म्या तालुक्याला सांगायला उत्तर शोधून काढलंय. कुणी विचारलं, की ते म्हणतात, "तिथं पोरगी ऱ्हायली, पर बाप उजवला!"

खोटं नाही. फरक एवढाच, की लेकीला निदान पंचमीला तरी माहेरी धाडतात. मला पंचमीलासुद्धा तीस काढाव्या लागल्या.