पांढऱ्या मक्याची वाटी

लेकीचा ताप उतरला होता, पण ती तोंडात काही घेत नव्हती. पेज नको, मऊ भात नको, खिचडी दिसली की तोंड फिरवायची. चार वर्षांची पोर दोन दिवसांत एवढीशी झाली होती आणि मी दुबईत अल बर्शातल्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर ते बेडरूम नुसत्या येरझाऱ्या घालत होते.

तिला बिनातोग हवं होतं. तिला सांभाळणारी फिलिपिनो बाई, जिला ती याया म्हणते, ते करून घालायची. फुललेला पांढरा मका, वर ओलं खोबरं आणि मीठ, बस. पण याया सुटीवर तिच्या गावी गेली होती, स्वतःच्या मुलीला भेटायला. मी ऑफिसात असते आणि लेकीला वाढवते ती, हे मला काय ठाऊक नव्हतं? तरी आजारपणात आई समोर असताना यायाच्या हातचं आठवावं, हे फार झोंबलं.

खालच्या सुपरमार्केटमध्ये तसल्या मक्याचा डबा मिळाला. वर ‘होमिनी’ लिहिलं होतं. मका उकळत ठेवला, पण जिवाला चैन पडेना, म्हणून फोनवर शोधत बसले. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं हे जुनं अन्न. चुन्याच्या नाहीतर राखेच्या पाण्यात मका शिजवायचा, म्हणजे साल सुटतं आणि दाणा फुगतो. शब्दही त्यांचाच, कांडण्या-भरडण्याशी संबंध असलेला म्हणे. मूळचा बराच लांब होता, इंग्रजांनी त्याचं शेपूट तेवढं ठेवलं. एवढं वाचेपर्यंत मी दोनदा उठून लेकीच्या कपाळाला हात लावून आले.

मग आपल्या लोकांनी करावं तेच केलं. नुसता उकडलेला मका लेकराला कसा द्यायचा? जिरं-मोहरीची फोडणी दिली, कढीपत्ता टाकला, चिमूटभर साखर, वर लिंबू. वासानं माझीच भूक खवळली. लेकीनं एक घास घेतला आणि थुंकून टाकला.

“नॉट धिस. आय वॉन्ट याया’ज.”

माझं डोकंच फिरलं. वाटी ओट्यावर आपटली आणि त्याच तिरीमिरीत यायाला व्हिडिओ कॉल लावून सगळं सांगितलं.

“फोडणी कशाला, मॅम?” ती हसली. “डब्यात उरलाय ना थोडा? तो उकळा. खोबरं, मीठ, खलास.”

“तुझ्या मुलीची मजा आहे,” मी खवचटपणे म्हटलं. “आई रोज करून घालत असेल.”

तिनं फोन जरा वळवला. मागे एक सहा-सात वर्षांची मुलगी आजीच्या मांडीत बसून जेवत होती.

“मी केलेलं तिला नको असतं, मॅम. म्हणते, आजीसारखं होत नाही.”

मला माझ्या बोलण्याची लाज वाटली. मी उरलेला मका उकळला, खोबरं-मीठ घातलं, आणि लेकीसमोर फोन धरून भरवायला बसले. यायाकडे बघत बघत तिनं माझ्या हातून सगळं खाल्लं. याया तिकडून कौतुकानं बघत राहिली. तिच्या मागे तिची मुलगी जेवून उठली आणि फोनकडे न बघता बाहेर खेळायला निघून गेली.