सतरा खाचांची पट्टी

सगळ्यात आधी टपकली ती समोरची कोकिलाबेन. मला जाळीच्या दाराआड अडकलेली बघून आधी पोट धरून हसली.

"अरे भाभी, आपको किसने जेल में डाला?"

मी म्हटलं, "आपके भाईसाब ने."

खोटं नाही ते. आमच्या ह्यांना जाऊन आज तारखेने वर्ष झालं. तिथीचं श्राद्ध गेल्या आठवड्यातच झालं. पण मला अडकवणारी दाराची कडी ह्यांचीच.

ह्यांचं सगळं आयुष्य गंजात गेलं. कुठला धातू कशात मिसळला की खाऱ्या हवेत किती टिकतो, हे शोधायचं काम. मी चौथी शिकलेली. मला एवढंच कळायचं की बाकीच्यांचे नवरे घरी मिठाई आणतात, आमचे धातूच्या पट्ट्या आणतात.

बिल्डिंगच्या गच्चीवर, राई गावच्या खाडीकडे तोंड करून, लाकडी मांडणीवर त्या पट्ट्या लावलेल्या. रंग उडतो म्हणून नंबर नाही, कडेला खाचा. खाचा मोजायच्या, तो नंबर.

"हात लावायचा नाही. पुसायचं नाही. फुंकरसुद्धा घालायची नाही."

मग मी पापड कुठे वाळत घालायचे? ते नाही सांगितलं कधी.

दाराची कडी गंजायला लागली तेव्हा मी तेलाची बाटली घेऊन गेले, तर म्हणाले, "राहू दे गं. ही किती वर्षं काढते ते बघू."

गंजाचा एवढा मोठा शास्त्रज्ञ आणि घराची कडी गंजलेली. दिव्याखाली अंधार!

आता माझा पराक्रम सांगते.

श्राद्धाच्या आधी पूजेची भांडी घासायला काढली होती. मनात आलं, फोटोपुढे ह्यांच्या कामातलं काहीतरी ठेवावं. गच्चीवर पितळेच्या चार पट्ट्या होत्या, त्यातली एक खाली आणली. हिरवी, डागाडागांची. अशी कशी ठेवायची हो?

चिंच घेतली, मीठ घेतलं, घसाघसा घासली. सोन्यासारखी झाली.

खरं सांगते, मला वाटलं होतं हे गेले तसं ह्यांचं कामही गेलं. वर्षभरात गच्चीवर कुणी फिरकलं नव्हतं.

आणि आज सकाळी फोन. अनघा. ह्यांची विद्यार्थिनी, आता स्वतःच प्रोफेसर झालीय.

"काकू, सरांना नमस्कार करायला येतेय. आणि पितळेच्या पट्ट्यांना बारा वर्षं झाली, त्या आज उतरवते. सरांचं शेवटचं काम आहे ते, माझ्या हातून पुरं होऊ दे."

फोन ठेवला तो थेट फोटोकडे धावले.

फोटोपुढची पट्टी उचलली. म्हटलं, ती यायच्या आत गच्चीवर जागच्या जागी ठेवून यावी. कडी ओढली, हलेना. जोर लावला तर मूठ तुटून हातात आली. मुलगा-सून ऑफिसात, नात कॉलेजात. मी आत, पट्टी आत.

कोकिलाबेनने हाटकेश नाक्यावरच्या ग्रिलवाल्याला फोन लावला. "आधे घंटे में आता हूं" म्हणाला. त्याचा अर्धा तास म्हणजे काय, ते तुम्हाला माहितीये.

तेवढ्यात अनघा आली, सोबत तिची विद्यार्थिनी तरन्नुम. दोघींनी बाहेरूनच, जाळीतून, फोटोला हात जोडले आणि गच्चीवर गेल्या.

मी पट्टी पदराखाली धरून स्टुलावर बसले.

खाली आल्या त्या तोंडं पाडून.

"काकू, तीनच आहेत. सतरा खाचांची नाहीये."

"कावळ्याने नेली असेल," मी म्हटलं.

"कौआ?" कोकिलाबेन मध्येच. "वो पीतल की पट्टी? वो तो पिछले हफ्ते भाभी के बर्तनों के साथ धूप में पड़ी थी. एकदम सोने जैसी!"

पळणार कुठे? पुढे जाळी, मागे ह्यांचा फोटो.

पदराखालून पट्टी काढली आणि गजांतून बाहेर दिली. तरन्नुम नुसतं "बारा साल..." म्हणाली आणि जिन्यावर बसली.

अनघाने ती उजेडात धरली. पट्टी उलटी केली, सुलटी केली. मग पोलिसासारखी सुरू झाली.

"कशाने घासली?"

"चिंचेने. आणि मीठ."

"काथ्याने की तारेच्या घासणीने?"

"काथ्याने. तार पितळेला लावतात होय?"

"किती वेळ?"

"डाळीच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत."

तरन्नुमने वही काढली. हे सगळं लिहून घ्यायला लागली! मला रडू फुटलं. म्हटलं, "अनघा, मी ह्यांचं शेवटचं काम बुडवलं ना गं?"

ती म्हणाली, "थोडं बुडालं, काकू. वरचा हिरवा थर तपासायचा होता, तो गेला. पण शेवटी आम्हीही पट्ट्या धुतोच."

"धुता?"

"ॲसिडने. सगळा गंज काढून टाकतो आणि उरलेल्याचं वजन करतो. आधीचं वजन सरांच्या वहीत आहे. जेवढं कमी झालं, तेवढं खाडीच्या हवेनं खाल्लं."

बघा! जन्मभर मला हात लावू दिला नाही, आणि शेवटी धुवायचीच होती हे कधी सांगितलं नाही!

"पण ह्यातलं थोडं चिंचेनेही खाल्लं असणार," अनघा म्हणाली. "ते किती, हे कळलं की वजा करता येईल. तशीच नवी पट्टी वजन करून आणते. ती तुम्ही घासायची. तीच चिंच, तोच काथ्या, तीन शिट्ट्या."

"मी?"

"तुम्हीच. दुसऱ्या कुणाचा हात चालणार नाही."

ग्रिलवाला दीड तासाने आला. कडी कापली. मी बाहेर आले ती आधी अनघाच्या गळ्यात पडले, मग चहा टाकला.

अहो, ऐकताय ना? तुमच्या पट्ट्यांना हात लावायचा आता मला हुकूम झालाय. वहीत तुमच्या आकड्याखाली माझ्या चिंचेचा आकडा येणार.

आठवण रोज येते. आज जरा जास्त आली. जिथे असाल तिथे सुखात राहा, माझा नमस्कार घ्या.

अनघा आणि तरन्नुम नवी पट्टी घेऊन येत्या गुरुवारी येतो म्हणाल्यात, अकराच्या सुमाराला.