तिकिटामागची बाकी

यंदा तापामुळे माझ्या मुलाची शाळेची सहल बुडाली. मी हिंगोलीतल्या त्याच्या शाळेच्या ऑफिसात एक अर्ज भरला आणि चौथ्या दिवशी सहलीचे पैसे खात्यात परत जमा झाले. कोणी काही विचारलं नाही, मलाही कोणाशी बोलावं लागलं नाही. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा खाटेवर बसलेले अण्णा, म्हणजे माझे वडील, नुसतेच म्हणाले, "बरं झालं." आणि खिडकीबाहेर बघत बसले. त्यांना काय आठवलं ते मला ठाऊक होतं.

अण्णा लाल गाडीवर कंडक्टर होते. आम्ही शिरड शहापूरला राहायचो, त्यांचा डेपो वसमतचा. जिल्ह्यातल्या कुठल्या फाट्यावर कुठली गाडी किती वाजता येते हे त्यांना तोंडपाठ होतं आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता. कोणी स्टँडवर तासभर आधी येऊन बसलं की ते हसायचे. "गाडी काय तुमच्यासाठी लवकर येणार हाय का?" म्हणायचे.

मी सहावीत असताना शाळेची सहल वेरूळला निघाली. गुरुजींनी पहाटे चारला बोलावलं होतं. मी तीनला उठून, दोन वेण्या घालून, दशम्यांचा डबा मांडीवर घेऊन बसले. अण्णा अंथरुणातूनच म्हणाले, "काहून घाई करून राहिली माय? सहलीची गाडी आमच्याच डेपोतून येणार. तिथून पाचच्या आत एक चाक हलत न्हाई. नीज जराशी."

मी निजले नाही, पण थांबले. आईनं दोनदा सांगून पाहिलं, पण गाड्यांच्या बाबतीत आमच्या घरात अण्णांच्या पुढे कोणाचं चालत नसे. पाचला आम्ही शाळेपाशी पोचलो तर मैदानात फक्त चाकांचे ओरखडे. शिपाई म्हणाला, गाडी रात्रीच मुक्कामाला आली होती, शाळेच्या मागं उभी होती. चारला थोडी वाट बघितली आणि गेली. एवढी वर्षं मुक्कामी गाड्यांवर ड्यूटी केलेल्या माणसाला तेवढं एकच सुचलं नव्हतं.

मी रडले नाही. अण्णांशी बोलणंच बंद केलं. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "शाळेकडून पैसे परत मागू. त्या पैशात आपण दोघंच वेरूळला जाऊ." तेव्हा कुठं मी त्यांच्याकडे पाहिलं. पगारातून पुन्हा तेवढे पैसे निघणार नव्हते, हे मलाही कळत होतं. म्हणजे पैसे आले तरच वेरूळ.

ते ड्यूटीवर जाता जाता शाळेत आले. अंगात खाकी, खांद्याला चामडी बॅग आणि शेजारी मी. हेडमास्तरांनी सगळं ऐकून घेतलं, चहा सांगितला आणि अगदी सौम्यपणे विचारलं, "कंडक्टरसाहेब, तुमीच सांगा. शीट रिकामं गेलं म्हणून गाडी सुटल्यावर तुमी तिकिटाचे पैसे परत देता का?"

अण्णा बॅगेचा पट्टा चाचपत राहिले. मग म्हणाले, "न्हाई देत. पण एक ध्यानात ठेवा गुरुजी. पोरगी उशिरा उठली न्हाई. ती तीनपासून तयार होती. चुकलं ते माझं."

माझ्या देखत त्यांनी असं कधी कबूल केलं नव्हतं. माझा राग तिथंच गेला. पण त्यांचा पडलेला चेहरा बघून जे वाटलं, ते वेरूळ हुकण्यापेक्षा वाईट होतं.

रविवारी त्यांनी मला त्यांच्या औंढ्याच्या गाडीत नेलं. दाराजवळच्या शीटवर बसवलं, ट्रेमधून अर्धं तिकीट काढून टकटक पंच केलं आणि स्वतःच्या खिशातले पैसे बॅगेत टाकले. मी म्हटलं, "मला काहून तिकीट?" ते म्हणाले, "फुकट नेलं तर त्याला सहल म्हणत न्हाईत." सुटे नसले की कंडक्टर तिकिटामागं बाकी लिहून देतो, ती उतरताना मागून घ्यायची असते. अण्णांनी कानामागचं पेन काढलं आणि माझ्या तिकिटामागं लिहिलं : वेरूळ येणे.

पुढं डबल ड्यूट्या आल्या, भावाचं शिक्षण आलं, माझं लग्न झालं. वेरूळ राहूनच गेलं. एकदा ट्रेनिंगसाठी संभाजीनगरला गेले होते, तिथून बरोबरच्या सगळ्या जणी वेरूळची लेणी बघायला गेल्या. मी डोकं दुखतंय म्हणून खोलीवर पडून राहिले. अण्णांशिवाय ते बघणं मला जमणारच नव्हतं.

तर यंदा त्या संध्याकाळी मी कपाटातून ते तिकीट काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला, पुढून बघितलं, मागून बघितलं. छिद्राला बोट लावून पाहिलं.

"बराबर हाय," ते म्हणाले. "अक्षर माझंच हाय. पण बाकी उतरायच्या आधी मागावी लागते, माय."

"मग आता मागते," मी म्हटलं.

अण्णांनी तिकीट सदऱ्याच्या खिशात ठेवलं. बराच वेळ गुडघे चोळत बसले.

"संभाजीनगरची गाडी हिंगोलीहून किती वाजता हाय?"

"सकाळी सहाला."

"मंग," अण्णा म्हणाले, "आपण पाचलाच जाऊन बसू."