आपली नम्र

नळाला नऊ दिवस पाणी नव्हतं. नगरपालिकेला द्यायचं निवेदन मी टाइप करून आणलं आणि सहीसाठी गल्लीतल्या शकूमावशींपुढे ठेवलं. त्यांचं बोट शेवटच्या ओळीवर अडलं.

"आपली नम्र? कोण रे नम्र इथं? मी तर नुसती पेटलेय."

"मावशी, तसं लिहायची पद्धत असते."

"कुणी पाडली पद्धत? त्यांनीच ना?"

चार वर्षं मी पत्रकं लिहितोय, मोर्चात घसा फोडतोय, पण अर्ज लिहायला बसलो की माझेही हात आपोआप जोडले जातात. आपला खरा राग आपण ऑफिसच्या पायरीवर चपलेसारखा काढून ठेवतो आणि निघताना पुन्हा पायात सरकवून घरी येतो. मग साहेबाला ऐकवायचं ते पोरांना ऐकवतो, भांडी आपटतो, बायकोवर खेकसतो. ज्याचं काही चुकलं नाही त्याच्या वाट्याला सगळा संताप, आणि ज्याचं चुकलं त्याला 'कृपया'! याला आपण सभ्यपणा म्हणतो. मी तरी यापुढे म्हणणार नाही.

मावशींनी पेनानं 'नम्र' खोडलं, वर ठसठशीत अक्षरात 'संतापलेली' लिहिलं आणि सही ठोकली.

दुपारी नगरपालिकेतला क्लार्क शिक्का मारता मारता थांबला.

"मावशी, भाषा जरा सौम्य करून आणा."

"आधी पाणी सोडा," मावशी म्हणाल्या, "मग माझ्या भाषेचं बघू."