शार्क, हायड्रॉइड आणि आमचे थोरले साडू

माणसाला गोंधळात पाडण्याची विद्या आमच्या थोरल्या साडूंइतकी अख्ख्या जुन्नर-आंबेगावात दुसऱ्या कुणाला साधली नसेल. घर पिंपरी पेंढारला, नोकरी तालुक्याच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या लॅबमधल्या बरण्या पुसायची. समुद्र कधी पाहिलेला नव्हता; पण लॅबमधल्या दोन बरण्यांवर त्यांनी सगळं जग तोललेलं होतं. एकीत शार्कचं पिल्लू, दुसरीत वाळक्या शेपूच्या काडीसारखं काहीतरी. मी त्याला झाड म्हणालो, तर केवढे दुखावले! "झाड नाय पावणं, जनावर हाय. हायड्रॉइड! जलमभर दगडाला चिकटून. एका काडीवर शंभर तोंडं, पन एकानं खाल्लं की समद्यांचं प्वाट भरतं." शार्कचं सगळं उलटं: एकटा, सदा फिरता.

मग लग्न असो की बारसं, पंगतीला बसलं की साडू नातेवाइकांची वाटणी करायला घेत. सासरे हायड्रॉइड, कारण ओटा सोडत नाहीत. सासूबाई शार्क, कारण त्या बसतच नाहीत. पुढच्या पंगतीला बरोब्बर उलटं: सासूबाईंमुळे सगळ्यांचं पोट भरतं, म्हणून त्याच हायड्रॉइड! "आणि मी?" मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्या पानातल्या चौथ्या पुरणपोळीकडे निरखून पाहिलं. "तुमचं काय नक्की कळंना राव." बायको अजून हसते.

हा माणूस स्वतः गोंधळलेला मी एकदाच पाहिला. त्यांच्या एकुलत्या एका मुलीला बारावीनंतर कोकणात मासळीचं शास्त्र शिकायला प्रवेश मिळाला. दुसऱ्या दिवशी होकार कळवायचा होता. साडू मला येडगाव धरणावर घेऊन गेले. "पाठवू का नगं?"

मी त्यांच्याच भाषेत शिरलो. "पोरगी शार्क आहे. जाऊ द्या."

"शार्कचं पिल्लू जलमल्या जलमल्या निघून जातंय. मागं वळून बघत नाय."

"मग हायड्रॉइड समजा. ठेवा घरीच."

"त्येलाबी कळी येती, पावणं. ती सुटती अन् पवत लांब जाती. त्यो आपला दगडावरच."

"म्हणजे दोन्हीकडून पोरगी जातेच की हो!"

"त्येच तर," ते म्हणाले.

महिन्याभराने आळेफाट्यावर तिला एसटीत बसवलं. गाडी दिसेनाशी झाली तरी साडू हात वर धरून उभेच. मग हळूच म्हणाले, "समुद्राचं पानी लई खारट असतंय का वो?"

मी तरी कुठे चाखलं होतं! "छे हो," म्हणालो, "फारसं नाही."