जवाईबापूंची जागा

दादांच्या तेरवीला मी दादांच्याच फोटोवर बसणार होतो. अगदी बसलो नाही, बसता बसता राहिलो, पण आमच्या सासरच्या मंडळींत आता ही गोष्ट मी बसलोच अशी सांगितली जाते आणि मला ती खोडून काढता येत नाही. झालं असं, की गेली तीस वर्षं त्या घरात शिरलो की मी चपला काढायचो आणि कुठेही न बघता खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीकडे जायचो. पायांना ती वाट पाठ होती. त्या दिवशी खोली माणसांनी भरलेली, चष्मा पुसायला म्हणून काढलेला... आणि नुकताच फ्रेम होऊन आलेला फोटो गर्दीत कोणाचा धक्का लागू नये म्हणून कोणीतरी त्याच खुर्चीवर उभा करून ठेवलेला. मी पाठ फिरवली, गुडघे वाकवले आणि चार जण एकदम "अहो, अहो" म्हणाले. तेरा दिवसांत फारसं न बोललेल्या वहिनी भिंतीजवळून उठल्या, त्यांनी फोटो उचलून छातीशी धरला आणि म्हणाल्या, "बसा न भाऊजी. तुमचीच खुर्ची आहे." काय करावं न सुचून मी बसलो. वहिनी फोटो धरून उभ्या. म्हणजे गेल्यावरही दादा माझ्यासाठी उठले, असाच त्याचा अर्थ होता आणि तो तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळला.

दादा म्हणजे माझ्या बायकोचे, शोभाचे, थोरले भाऊ. तिच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले, तेव्हा सावनेरहून आई आणि लहान बहिणीला घेऊन ते नागपुरात आले आणि गांधीबागेतल्या एका ठोक कापडाच्या दुकानात लागले ते निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. पांढऱ्या गादीवर मांडी घालून दिवसभर कापडाचं थान उलगडायचं आणि गिऱ्हाईक उठून गेलं की पुन्हा गुंडाळायचं, हे त्यांचं काम. कापड दिसलं की त्यांचा अंगठा आणि तर्जनी आपोआप पुढे व्हायची. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला, मला वाटलं माणूस प्रेमळ आहे. ते माझ्या बाहीचं कापड चोळून बघत होते. मग त्यांनी बाहीची घडी उलटी केली, आतली शिलाई पाहिली आणि म्हणाले, "कापड चांगलं आहे. शिंप्यानं फसवलं तुम्हाले." शोभालाही त्यांनी लहानपणापासून हेच शिकवलं होतं. साडी घ्यायला गेली की ती अजूनही आधी पदर उलटा करते. सुलटी बाजू दुकानदार दाखवणारच, उलटी आपण मागून घ्यायची, असं दादांचं सांगणं.

त्या बघण्याच्या दिवशी त्यांच्या घरात एकही खुर्ची नव्हती. माझे वडील गाठोड्यावर बसले आणि मी खाटेच्या अशा टोकावर बसलो की खाट दुसरीकडून उचलली गेली. लग्न ठरल्याच्या दुसऱ्या दिवशी दादांनी हात असलेली वेताची खुर्ची आणली. ती फक्त माझी. मी नसताना ती रिकामी असायची आणि मी असताना दादा समोर खाटेवर, तेही मी टेकल्यानंतर. ऑटोत रुंद बाजू माझी, पंगतीत पहिलं पान माझं, आंब्याच्या रसाची पहिली वाटी माझी. मी एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून. तिथे मला कोणी चहासुद्धा आधी देत नाही. वर्षातून चार-पाच वेळा मोठा माणूस होण्याची ती एक जागा होती आणि खोटं कशाला सांगू, मला तिची सवय लागली होती. सुरुवातीला "दादा, तुम्ही बसा न" असं म्हणायचो. पुढे पुढे तेही म्हणेनासा झालो.

मागच्या वर्षी दादांच्या मणक्यात गाठ निघाली. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळाली ती एकदम दुसऱ्याच दिवशीची. रेल्वेत जागा नाही, म्हणून विमान. दादा आयुष्यात कधी विमानात बसले नव्हते. शोभानं मला बजावलं, "त्याले आडवं होता येत नसेल तर निदान समोरची मोठी सीट तरी घ्या. पाठ टेकून, पाय लांब करून जाईल. मले एवढंच पाहिजे, बाकी काही नाही." त्या मोठ्या सीटला विमान कंपनी काहीही म्हणो, आमच्या घरात तिचं नाव फर्स्ट क्लास. दीड तासाच्या प्रवासाला फर्स्ट क्लास, या कल्पनेनंच आमची अर्धी गल्ली हळहळली. मी फोनवर दोन साधी तिकिटं काढली आणि पुढची एकच जागा उरली होती ती दादांसाठी घेतली. फोनवरचे व्यवहार मी फार छान करतो असा माझा समज आहे. ऑफिसातले लोक मला विचारायला येतात. पडद्यावर आम्हा दोघांची नावं होती आणि ज्याला पुढची जागा द्यायची त्याच्या नावापुढे खूण करायची होती. मी वरच्या नावापुढे खूण केली, पैसे भरले, शोभाला अंगठा दाखवला. वरचं नाव माझं होतं.

हे मला विमानतळावर, काउंटरवरच्या मुलीनं दोन कागद हातात दिले तेव्हा कळलं. मी म्हटलं, "दादा, माझी चूक झाली. पुढची सीट तुमची आहे. आपण आत्ता बदलून घेऊ."

दादांनी दोन्ही कागद लांब धरून वाचले. "म्हणजे तुम्ही समोर, मी मागं."

"नाही नाही, तुम्ही समोर. ही बदलून देईल."

"असं कसं जवाईबापू. तुम्ही मागं अन् मी समोर, असं कधी केलं का मी आतापर्यंत?"

"अहो पण तुमची पाठ..."

"पाठ माही आहे. तिचं मी पाहून घेतो."

काउंटरवरची मुलगी खरंच नावं बदलून द्यायला तयार होती. दादा तिला म्हणाले, "नहीं बेटा, ये हमारे जमाई हैं." तिनं "अच्छा" म्हटलं आणि मान डोलावली, जणू तिच्या नियमांच्या पुस्तकात तसं कलम होतं.

विमानात शिरल्यावर मी पुन्हा अडून बसलो. अडून उभा राहिलो, म्हणू. पुढच्या रुंद सीटजवळ उभं राहून दादांचा दंड धरला आणि म्हटलं, तुम्ही बसल्याशिवाय मी हलणार नाही. मागे रांग खोळंबली. दादांनी माझ्या सीटचं कापड जाता जाता दोन बोटांत धरून पाहिलं, "मजबूत आहे," म्हणाले, आणि हात सोडवून पुढे सरकले. मागचे एक गृहस्थ म्हणाले, "भाईसाहब, बैठ जाइए, सबको जाना है." आणि मी बसलो. एवढं सोपं होतं ते. नंतर कितीतरी वेळा मनात मी त्या जागी तसाच उभा राहिलोय, रांग विमानाच्या दारापर्यंत गेली तरी हललो नाही... पण त्या दिवशी बसलो.

सीट इतकी रुंद होती की मांडी घालता आली असती. थोड्या वेळात चिमट्यानं धरलेला गरम, ओला टॉवेल आला. मी तोंड पुसलं, मान पुसली, चष्मा पुसला आणि सवयीनं घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. मुंबईपर्यंत माझ्या छातीवर ओला चौकोन होता. मग आमच्या आणि मागच्या लोकांच्या मध्ये पडदा ओढला गेला. दादा त्या पडद्याला लागून मागच्या पहिल्याच ओळीत, मधल्या सीटवर होते. माझ्यापासून फार तर पाच पावलं. मी उठायला गेलो तर पट्ट्याची खूण चालू होती. खूण बंद झाली तोवर चिनी मातीच्या ताटलीत उपमा आला. मला लाज वाटून राहिली होती आणि उपमा चांगला होता. दोन्ही एकाच वेळी.

उपमा संपवून मी कापडी नॅपकिन हातात घेऊन पडद्यातून मागे गेलो. दादांच्या एका बाजूला झोपलेला माणूस, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप उघडून बसलेली बाई. दादांनी दोन्ही तळहात सीटवर रोवून स्वतःला वर उचलून धरलं होतं, भार पाठीवर येऊ नये म्हणून. हात थरथरत होते. मला बघताच ते खाली टेकले आणि हसले.

"काहून आले? बसा न तिकडं आरामात."

"दादा, आता तरी चला. अर्धा रस्ता राहिला आहे."

"आता तुमची सीट गरम झाली असेल. असं उठवत नाही कोणाले." मग त्यांनी नॅपकिन घेतला, डोळे मिटून चोळला. "शुद्ध सुती. धुवून धुवून मऊ झालं आहे." आणि नीट चार घड्या करून मला परत दिला.

मुंबईला सगळं विमान रिकामं झालं तरी दादांना उठता येईना. दोन कर्मचाऱ्यांनी आणि मी मिळून त्यांना उठवलं. कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले. टॅक्सीत बसल्यावर ते पहिलं वाक्य बोलले. "शोभाले काही सांगू नका. मी समोर बसलो होतो. ती तुम्हाले उगाच बोलेल अन् तुम्ही चार दिवस जेवणार नाही." मग दवाखाना येईपर्यंत, नव्या मालाची माहिती घ्यावी तशी त्यांनी मला विचारून विचारून घेतली. टॉवेल गरम होता की कोमट? उपम्यात काजू होते का? गिलास काचेचा? पाय किती लांब होत होते? मी सांगत होतो आणि ते मान हलवत होते. त्या टॅक्सीत मला जितकं रडू आलं तितकं नंतरही आलं नाही, पण ते आवरावं लागलं, कारण काजूंचा हिशेब लागत नव्हता.

पंधरा दिवसांनी आम्ही रेल्वेनं, त्यांना झोपवून परत आणलं. डॉक्टरांनी हात लावण्यासारखं काही उरलं नाही असं सांगितलं होतं. खालच्या बर्थवर पडल्या पडल्या दादा म्हणाले, "माफ करा जवाईबापू, तुमच्यासमोर पाय पसरून राहिलो." घरी सगळे जमले तेव्हा त्यांनी आजाराबद्दल दोन वाक्यं सांगितली आणि फर्स्ट क्लासबद्दल अर्धा तास. उशाला टेकून, थान उलगडावं तसा हात फिरवत. "शोभे, काय सांगू वं. गरम टॉवेल. काचेचा गिलास. उपम्यात सहा काजू. पाय असे सरळ, कुठं टेकत नाहीत. अन् मधात एक पडदा, निळा. दिसायले भारी, पण शिलाई कच्ची, कड आतल्या अंगानं उसवलेली. हात लावून पाहिला मी." सगळे हसले. मीही हसलो, जरा जास्तच. शोभा चहाचं बघते म्हणून आत गेली. तो चहा यायला बराच वेळ लागला. पुढच्या तीन महिन्यांत जो कोणी भेटायला आला त्याला दादांनी ही हकिगत ऐकवली. शेवटी शेवटी आवाज उमटत नसे, तेव्हा ते माझ्याकडे बोट करत आणि मी सांगायचो, समोरच्या सीटवर दादा कसे बसले होते ते. खुर्चीवर बसून सांगायचो.

तेरवीनंतरच्या रविवारी वहिनींनी ई-रिक्षातून ती खुर्ची आमच्याकडे पाठवून दिली. "इथं कोण बसणार तिच्यावर," एवढाच निरोप. आता ती आमच्या बैठकीत खिडकीजवळ आहे. वेत एका जागी माझ्या वजनानं खोल गेला आहे. तीन आठवडे मी तिच्यावर बसलो नाही. पेपर वाचायला तिच्याजवळ जायचो, थोडा वेळ उभा राहायचो आणि दिवाणावर जाऊन बसायचो.

गेल्या रविवारी शोभा मेथी निवडत होती आणि मी असाच पेपर घेऊन खुर्चीजवळ उभा होतो. तिथूनच मी तिला सांगून टाकलं. चुकीची खूण, काउंटर, रांग, उपमा, दादांचे थरथरणारे हात... सगळं. ती ओरडेल म्हणून वाट पाहिली. तिनं एक जुडी संपवली, दुसरी सोडली.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "पडद्याची कड आतून उसवलेली होती म्हणाला न तो. समोर बसणाऱ्याले पडद्याची उलटी बाजू कशी दिसेल? तेव्हाच समजलं."

"मग बोलली काहून नाही?"

"त्यानं एवढं झाकलं होतं तुमच्यासाठी. मी काहून उघडू?" तिनं देठ बाजूला सारले. मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, आणि खुर्चीकडे.

"बसा आता. तुम्ही टेकल्याशिवाय तो कधी बसला का? तीन आठवडे झाले, किती उभं ठेवता त्याले."